डॉक्टरांनी सगळं सांगितलंय, तरी रात्री २ वाजता मोबाईलवर शोधत का बसते मी?

मनीमाऊ_चिंचवड:
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. मला मानेला गाठ आली होती, आधी वाटलं दाढेमुळे असेल, दोन महिने अंगावर काढली, मग सुई टाकून तपासली तर टीबी निघाला. छातीचा एक्सरे क्लिअर आहे, फक्त गाठीचा आहे. बाळ ७ महिन्यांचं. डॉक्टर चांगले आहेत, खाजगी आहेत, म्हणाले ६ महिने गोळ्या, मध्ये सोडायच्या नाहीत, पूर्ण बरं होतं. झालं, चार मिनिटांत बाहेर. मीपण नुसती मान हलवली कारण बाहेर पंचवीस जण बसलेले आणि बाळ रडत होतं.

आता रोज रात्री सगळे झोपले की मोबाईल घेऊन बसते. तेच तेच वाचते. नवरा म्हणतो एवढं वाचून काय डॉक्टर होणार आहेस का. त्याचंही बरोबर आहे, कारण जे वाचते ते मला आता पाठ झालंय, तरी मन भरत नाही. गावाकडं सासूबाईंना सांगितलेलं नाही (नणंदेचं लग्न ठरतंय), गोळ्या चहापत्तीच्या डब्यामागे ठेवते. तुम्ही लोक पण असंच करता का? आजारपणात माणूस नक्की शोधतो काय? आणि अशा वेळी बोलायला कुणी मिळतं का, की ते सगळं पैसेवाल्यांसाठी असतं?

सांगलीकर७७:
ताई, आधी ते गूगल बंद करा. साधं डोकं दुखलं तरी तिथं शेवटी कॅन्सरच निघतो. डॉक्टरवर विश्वास ठेवा, गोळ्या घ्या, विषय संपला.

दोन_गाठीवाली:
सांगलीकर दादा, विषय एवढ्यावर संपत असता तर बरं झालं असतं हो. मला २०१९ ला झालेला, सेम, मानेलाच, एक नाही दोन गाठी. मीपण असंच करायचे. पहिल्या दिवशी गोळ्या घेतल्या आणि लघवी केशरी झाली, मी बाथरूममध्येच रडत बसले, वाटलं किडनी गेली. नंतर कळलं की रिफाम्पिसिनने (टीबीच्या गोळ्यांतलंच एक औषध) सगळ्यांचीच होते. हे एक वाक्य कुणी आधी सांगितलं असतं तर ती रात्र वाचली असती. दुसरं म्हणजे दीड महिन्यानं एक गाठ कमी व्हायच्या ऐवजी फुगली. गूगलवर बघितलं तर काय काय भयानक. डॉक्टरांकडे गेले तर म्हणाले औषध लागू पडत असतानाही गाठ मध्येच वाढू शकते, पण दाखवायला आलीस ते बरं केलंस. म्हणून तुझी वाढली तर घाबरून गोळ्या बंद करू नकोस, दाखवून ये.

तू विचारलंस नक्की काय शोधतो, तर माझ्यापुरतं सांगते, मला माहिती नकोच होती. मला यातून गेलेली आणि आता नीट पोळ्या लाटत असलेली एक बाई बघायची होती, बास. शेवटी ती भेटली आमच्या सोसायटीत, तीपण सहा महिने लपवूनच बसलेली!!

टीबीवाल्या_मॅडम:
मी १४ वर्षं सरकारी टीबी कार्यक्रमात आहे, पेशंटना भेटणं, घरी जाणं, गोळ्यांचा पाठपुरावा हेच काम. एक गंमत सांगते. पेशंट खुर्चीत बसलेला असतो तोपर्यंत विचारतो गोळ्या किती, जेवणाआधी की नंतर. मग उठतो, चप्पल घालतो, आणि दारात वळून विचारतो, "मॅडम, अजून एक विचारू का?" खरा प्रश्न तो असतो. बाईमाणूस असेल तर मी आता स्वतःच दारापर्यंत जाते सोडायला. दारातले प्रश्न म्हणजे, पोराला दूध पाजू का, मिस्टरांच्या जवळ गेलं तर चालेल का, ताट वेगळं करायचं का, लग्न मोडेल का. हे घरी विचारता येत नाही आणि ओपीडीत लाज वाटते, मग माणूस रात्री मोबाईलला विचारतो. मोबाईल कुणाला सांगत नाही ना.

मनीमाऊ, तू दारातलं विचारलं नाहीस पण उत्तरं देऊन टाकते. गाठीचा टीबी खोकल्यातून पसरत नाही, ताट-वाटी वेगळी नको. बाळाला दूध पाज, या गोळ्या चालू असताना चालतं. पाळणा लांबवायच्या गोळ्या घेत असशील तर मात्र डॉक्टरांना आजच सांग, रिफाम्पिसिनने त्यांचा असर कमी होतो, दुसरा उपाय करावा लागतो. डोळे पिवळे, सतत उलट्या, नजर अंधुक किंवा रंग नीट ओळखू न येणं, यातलं काही झालं तर वाट बघायची नाही. गोळ्यांची संख्या वजनावर असते, दुसऱ्याच्या गोळ्यांशी तुलना करू नको, ३५ ते ४९ किलोला ३, पुढच्या गटाला ४ असं असतं.

आणि पैशाचं म्हणशील तर, खाजगी डॉक्टरांनी तुझी नोंद निक्षयवर (टीबी पेशंटची सरकारी ऑनलाइन नोंद) केली का ते विचार, करावीच लागते, २०१२ पासून सक्ती आहे. नोंद झाली की तुलाही उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपये पोषणासाठी खात्यात मिळतात (आधी ५००च होते, नोव्हेंबर २०२४ पासून वाढले). टीबीचं काही विचारायचं असेल तर १८००-११-६६६६, फुकट आहे. आणि रात्री २ वाजता जे होतं ना, त्यासाठी १४४१६, टेली मानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, २४ तास, मराठीत बोलतात. वेड लागलेल्यांसाठी आहे असं समजू नको, झोप लागत नाही एवढं कारण पुरतं.

आबा_मिरज:
मी वयाने मोठा म्हणून बोलतो. १९७४ ला माझ्या थोरल्या भावाला क्षय झाला. वानलेसवाडीच्या क्षयाच्या दवाखान्यात ठेवलेला, दंडावर कमरेवर सुया, दीड वर्ष. गल्लीत सांगितलं मुंबईला नोकरीला गेला. तेव्हा गूगल कुठलं, पण आमची आई दर बाजाराला कंपाउंडरच्या घरी जायची, हातात शेवग्याच्या शेंगा. विचारायची तेच, "पोरगं वाचंल का?" त्यानं दर वेळी तेच सांगायचं, वाचंल. दीड वर्ष तिनं एकच उत्तर आणलं. भाऊ आज ७१ चा आहे, चिडका आहे, पण आहे.

सांगलीकर७७:
आबा __/\__
मनीमाऊ ताई, मघाशी जरा फटकन लिहिलं, राग मानू नका. माझ्या वडिलांना शुगर निघाली तेव्हा मीपण रात्रभर कारल्याचे व्हिडिओ बघत होतो, खरं सांगायचं तर.

मनीमाऊ_चिंचवड:
सगळ्यांना थँक्यू, दोनदा वाचलं. मॅडम, तो पाळणा लांबवायच्या गोळ्यांचा प्रश्न खरंच माझा होता, तुम्हाला कसं कळलं देव जाणे. उद्याच विचारते. बाळाच्या लसीच्या कार्डामागे सात प्रश्न लिहून ठेवलेत, या वेळी पंचवीस जण असले तरी वाचूनच दाखवणार. नवऱ्याला हा धागा वाचायला दिला, काही बोलला नाही, पण रात्री बाळ उठलं तर तोच उठला.

सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. लग्नाची बोलणी रविवारी आहेत, तोपर्यंत तरी डबा तिथेच.

दोन_गाठीवाली, तुला मेसेज टाकलाय, वेळ मिळेल तेव्हा बघ.