इन्सुलिनला 'शेवटचा उपाय' का मानायचे?

मांजराकाठ (लातूर)

वडिलांची शुगर गोळ्यांना दाद देईनाशी झाली तेव्हा डॉक्टरांनी इन्सुलिन सुचवले. पण 'एकदा सुई लागली की सुटत नाही' या गावातल्या समजुतीपायी त्यांनी ते चार वर्षे टाळले. त्या काळात स्वादुपिंडात काय घडत असते हे वाचल्यापासून ही समजूत घातक आहे असे माझे ठाम मत झाले आहे.

स्वादुपिंडातली एक बीटा पेशी, म्हणजे इन्सुलिन बनवणारी पेशी, मिनिटाला सुमारे दहा लाख प्रोइन्सुलिन (इन्सुलिनचे कच्चे रूप) रेणू तयार करू शकते आणि त्यातल्या प्रत्येकाची घडी आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीतल्या प्रथिने घडवणाऱ्या जाळ्यात, नीट बसावी लागते. इन्सुलिनची मागणी फार वाढली की चुकीच्या घडीची प्रथिने साचतात आणि पर्क, आयआरई-१ व एटीएफ-६ हे तीन संवेदक जागे होतात. त्यांच्यामुळे नवे उत्पादन मंदावते, घडी घालायला मदत करणारी प्रथिने वाढतात, बिघडलेला माल मोडीत निघतो. बोअरचे पाणी खाली गेले की स्टार्टर मोटर बंद पाडतो, तशीच ही सोय आहे. मात्र ताण हटलाच नाही, तर हीच यंत्रणा पेशीला मृत्यूकडे नेते. ही सोय किती मोलाची आहे ते वॉलकॉट-रॅलिसन या दुर्मीळ विकारात दिसते: त्यात पर्कचे जनुकच सदोष असते आणि मूल सहसा जन्मानंतर काही महिन्यांतच मधुमेही होते. त्यातच, ऑक्सिडीकरणापासून वाचवणारी कॅटलेजसारखी विकरे (एन्झाइम) बीटा पेशीत फारच कमी असतात.

म्हणून या पेशीला वेळेवर विसावा मिळाला पाहिजे, आणि बाहेरून दिलेले इन्सुलिन तिच्यावरची मागणी कमी करून तो देते. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या चीनमधील अभ्यासात 382 रुग्णांना सुरुवातीचे थोडे आठवडे इन्सुलिन किंवा गोळ्या देऊन नंतर औषध थांबवले. वर्षानंतरही साखर काबूत असलेले रुग्ण इन्सुलिनच्या दोन गटांत 51 आणि 45 टक्के होते, गोळ्यांच्या गटात 27 टक्के.

गोदाकाठ (नांदेड)

पेशीवरच्या ताणाविषयी आपण लिहिले ते मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. चीनमधील ते रुग्ण नुकतेच निदान झालेले होते. गोळ्या थकल्यानंतरच्या, म्हणजे आपल्या वडिलांच्या अवस्थेला तो दाखला लागू होत नाही.

शिवाय मागणी वाढते कशामुळे? बहुतेकांत ती यकृतात व स्वादुपिंडात साठलेल्या चरबीशी जोडलेली असते. ब्रिटनमधील 'डायरेक्ट' चाचणीत सहा वर्षांपर्यंत मधुमेह असलेल्यांपैकी 46 टक्के लोक केवळ वजन उतरवून वर्षभरात औषधाविना मधुमेहाच्या पातळीखाली आले, दुसऱ्या वर्षाअखेर 36 टक्के तसेच राहिले. काही बीटा पेशी मरत नाहीत, आपली ओळख विसरून निष्क्रिय होतात, हे 2012 साली उंदरांत दिसले आहे. म्हणजे परतीची वाट असू शकते. इन्सुलिनने वजन वाढू शकते आणि साखर एकदम खाली जाण्याचा धोकाही असतो. 'पेशी थकली, माझा काय दोष' हे वाक्य आहार-व्यायामातून सुटण्याची पळवाट होईल, ही माझी खरी काळजी आहे.

बालाघाट (बीड)

वजन उतरवायचे ते कुणाचे? 'डायरेक्ट'मध्ये 27 ते 45 बीएमआयचे (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक), म्हणजे जादा वजनाचे लोक घेतले होते. आमच्या भागातून दरवर्षी ऊसतोडीला जाणारी काटक माणसे पहाटेपासून कोयता चालवतात. त्यांना व्यायाम सांगणे मला अन्यायाचे वाटते. पुण्याजवळच्या गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने केलेल्या अभ्यासात आपली बाळे वजनाने हलकी पण अंगात चरबी जास्त असलेली आढळली. कुपोषणाशी निगडित मधुमेहाला जागतिक आरोग्य संघटनेने 1985 मध्ये वेगळा वर्ग दिला, 1999 मध्ये काढून टाकला आणि 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला 'टाइप 5' म्हणून मान्यता दिली. अशा माणसाच्या शरीरात इन्सुलिन मुळातच कमी तयार होते. मात्र ऊसतोड्यांच्या कोपीत (झोपडीत) फ्रिज नसतो; सुई द्या म्हणणाऱ्यांनी ती उन्हाळ्यात ठेवायची कुठे, हेही सांगावे.

मांजराकाठ (लातूर)

चीनच्या अभ्यासाबद्दलची दुरुस्ती मी स्वीकारतो. मात्र त्यातून 'आणखी थांबा' असा अर्थ निघत नाही. उशीर झाला नसता तर लाभ अधिक झाला असता, असाच निघतो. माणूस लठ्ठ असेल तर वजन उतरवणे हाही पेशीचा विसावाच आहे, त्यावर वाद नाही. कोणाला कशाची गरज आहे हे ठरवायला सी-पेप्टाइडची रक्ततपासणी मदत करते, कारण शरीर स्वतःचे इन्सुलिन किती बनवते याचा अंदाज तिच्यातून येतो. माझ्या वडिलांना ती त्या चार वर्षांत कुणी सुचवली नाही. फ्रिज नसेल तिथे ओल्या वाळूतल्या मातीच्या मडक्यात इन्सुलिन ठेवता येते. आमच्या घरी भारनियमनात आम्ही तेच करतो.