पावसाळ्यात कॅम्परव्हॅन: मांडवा ते चिपळूण आणि परतीला महाड. फेरी, मुक्काम, कॉजवे?

मुलुंडची_व्हॅन
ऑगस्टअखेरीस चौघांनी निघायचं ठरलंय. फोर्स ट्रॅव्हलरवर बांधलेली व्हॅन, छतावरच्या एसीसकट उंची २.९ मीटर, मागचा ओव्हरहँग (मागच्या चाकांच्या पलीकडे निघालेला भाग) बराच. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (गाड्या नेणाऱ्या फेरीने) मांडवा, मग आगरदांडा–दिघी, वेश्वी–बागमांडला, दापोली, दाभोळ–धोपावे, चिपळूण. फेरीवर गाडी कधी चढवावी? पुराच्या गावांत रात्री कुठे थांबावं? कॉजवेवर (पावसात पाण्याखाली जाणाऱ्या बुटक्या पुलावर) किती पाण्यापर्यंत गाडी घालता येते?

सुकाणू
फेरीचं आधी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते: अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. पूर्ण ओहोटीला जेटीचा उतार आणि फेरीचा रॅम्प यांच्यात कोन पडतो आणि लांब शेपटाची गाडी तिथेच घासते. सगळ्यात आधी तुटतो तो खाली लोंबणारा सांडपाण्याचा व्हॉल्व्ह. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला हा त्रास जास्त, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असताना, कमी. मधल्या पाण्याला चढवा. टाक्या शक्य तितक्या रिकाम्या, गॅस सिलिंडर बंद, गाडी गिअरमध्ये, चाकांना ठोकळे. वारा वाढला की फेऱ्या बंद होतात, म्हणून सकाळी चौकशी करूनच निघा. खाडीला वळसा घालून जायचं तर अर्धा दिवस जातो.

आणि २.९ मीटर हा आकडा डॅशबोर्डवर चिकटवा. वाड्यांमधल्या रस्त्यांवर विजेच्या तारा आणि आंब्या-फणसाच्या फांद्या खाली असतात, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे (दगडी कुंपणं). मागे घ्यायला जागा मिळत नाही.

वाशिष्ठीकाठ
चिपळूणला डोक्यावरचं आभाळ बघून अंदाज बांधू नका. कोयनेच्या वीजघरांतून निघणारं पाणी कोळकेवाडी धरणामार्गे वाशिष्ठी नदीत येतं. घाटमाथ्यावर जोराचा पाऊस आणि त्याच वेळी खाडीला भरती, असं झालं की शहरातलं पाणी निघायला वाटच उरत नाही. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि सावित्रीकाठचं महाड दोन्ही बुडाली. त्यामुळे बाजारपेठेत किंवा नदीलगत रात्री गाडी लावायची नाही, आकाश निरभ्र असलं तरी. वर सड्यावर (डोंगरमाथ्यावरच्या सपाटीवर), जांभ्याच्या टणक जमिनीवर, एखाद्या घराच्या आवारात विचारून लावा. विजा चमकत असतील तर उघड्या सड्यावर नको. डोंगर कापून केलेल्या उभ्या दरडीखाली नको, नारळाखाली तर नकोच.

पूर नुकताच ओसरला असेल तर तो भाग सरळ वगळा. चिखल उपसणाऱ्या जेसीबींना रस्ता लागतो आणि टँकरचं पाणी तिथल्या घरांसाठी असतं, ही गोष्ट खरंच मनावर घ्या. तुमची टाकी पूर न आलेल्या गावात भरा. पुराचं पाणी शिरलेल्या विहिरीचं पाणी भांडी धुवायलाही घेऊ नका. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका. लेप्टोचा (उंदीर-जनावरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा) धोका मुंबईइतकाच तिथेही आहे.

हबकॅप
कॉजवेवरून पाणी वाहत असेल तर उत्तर शून्य. दोन फूट वाहतं पाणी मोठी गाडीही ढकलून नेतं, आणि गढूळ पाण्याखाली स्लॅब शाबूत आहे की वाहून गेलाय हे दिसत नाही. उंच बांधणीच्या व्हॅनला बाजूने रेटा जास्त बसतो. थांबा किंवा परत फिरा.

साचलेलं, स्थिर पाणी चाकाच्या हबच्या (मधल्या भागाच्या) खाली असेल तर पहिल्या गिअरमध्ये, एकाच वेगाने. मधे क्लच दाबू नका. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका: सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी हबच्या वर गेलं असेल तर मागच्या डिफरन्शियलकडे (अ‍ॅक्सलच्या मधल्या गिअरच्या पेटीकडे) लक्ष द्या. तापलेला अ‍ॅक्सल पाण्यात गार झाला की ब्रीदरमधून (हवेच्या छिद्रातून) पाणी आत ओढतो. ऑइल दुधी दिसलं तर लगेच बदला.

मुलुंडची_व्हॅन
म्हणजे कॉजवेचे रस्ते आखणीतूनच काढतो. विजेचं? २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी, छतावर ३०० वॉटचं सोलर.

हबकॅप
ऑगस्टच्या ढगांत सोलर हिशेबात धरू नका. ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (चालत्या गाडीच्या अल्टरनेटरवरून बॅटरी भरणारा) बसवा. तीन तास गाडी चालली की ९० अँपिअर-अवर भरतात. फ्रिज, पंखे, दिव्यांना दिवसभर पुरतं, एसीला नाही. घरातून १५ अँपिअरच्या सॉकेटवर वायर घेणार असाल तर व्हॅनमध्ये ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) हवाच आणि आधी अर्थिंग तपासा. ओल्या जमिनीवर उभ्या पत्र्याच्या गाडीत तो नसणं जीवघेणं आहे.