मुलगा अमेरिकन आर्मीत हेलिकॉप्टर पायलट होतोय, ही क्वाड-ए ची मेंबरशिप घ्यायची का?

दोन_पिलांची_आई

नमस्कार मंडळी. इथे आर्मीतलं कुणी आहे का माहीत नाही पण विचारून बघते. मुलगा इथेच अमेरिकेत जन्मलेला, २३ वर्षांचा, कॉलेज मधेच सोडून (ते रामायण परत कधीतरी) आर्मीत वॉरंट ऑफिसर म्हणून गेला आणि सध्या अलाबामात फोर्ट रकरला त्याचं फ्लाइट स्कूल चालू आहे. परवा फोनवर म्हणाला की तिथे सगळे आर्मी एव्हिएशन असोसिएशन ऑफ अमेरिका म्हणून काहीतरी आहे त्याचे मेंबर होतायत, चार ए म्हणून क्वाड-ए म्हणतात, आणि एक सिनियर म्हणाला की बॅचमधल्या सगळ्यांनी व्हायलाच पाहिजे. आता हे व्हायलाच पाहिजे म्हणजे काय ते मला कळेना. ही युनियन आहे का? नाही झाला तर त्याच्या करिअरला काही होईल का? आणि खरं सांगते, मला मुख्य हे विचारायचंय की उद्या काही झालंच (तोंडातून काढवत नाही) तर ही संस्था मागे उभी राहते का. धाकटी अकरावीत आहे, भावंडांना स्कॉलरशिप मिळते असंही तो म्हणाला, ते खरं आहे का?

आणि अजून एक, भारतातले सगळे नातेवाईक विचारतायत की ऑफिसर का नाही झाला, वॉरंट ऑफिसर म्हणजे खालचं ना. मला धड उत्तर देता येत नाही, राग येतो फक्त.

चिनूकवाली

ताई, माझा नवरा बरीच वर्षं आर्मीत चिनूक हेलिकॉप्टर उडवत होता, आता बाहेर पडला. तुमचा प्रश्न वाचून आमचे रकरचे दिवस आठवले. मधे त्या जागेचं नाव फोर्ट नोव्होसेल केलं होतं २०२३ ला आणि २०२५ ला परत रकर केलं, त्यामुळे कागदांवर दोन्ही नावं दिसली तर घाबरू नका. (नोव्होसेल हे व्हिएतनाममधले मेडिकल हेलिकॉप्टरचे पायलट, २ ऑक्टोबर १९६९ ला गोळीबारात पुन्हा पुन्हा खाली उतरून २९ जणांना उचललं होतं, मेडल ऑफ ऑनर मिळालं. मला तरी ते नाव बदललं ते आवडलं नाही, असो.)

आता व्हायलाच पाहिजे चं. अजिबात नाही. क्वाड-ए ही खाजगी, ना-नफा संस्था आहे, सैन्याचा भाग नाही, आणि संरक्षण खात्याच्या एथिक्सच्या नियमात सरळ आहे की हुद्द्याचा वापर करून कुणालाही बाहेरच्या संस्थेचा मेंबर व्हायला लावता येत नाही. अशी संस्था आहे, हे फायदे आहेत, एवढं सांगू शकतात. पण काही युनिटमध्ये शंभर टक्के मेंबरशिपची हौस असते आणि मग नवीन पोरांना वाटतं की हा हुकूमच आहे. मुलाला सांगा हसून हो सर म्हण आणि स्वतःच्या मनाने ठरव.

फायदा काय ते आमच्या अनुभवावरून सांगते. मासिक येतं, ते नवरा वाचायचा, मी फोटो बघायचे. जिथे जिथे पोस्टिंग तिथे बहुतेक लोकल चॅप्टर असतो, त्यांचे कार्यक्रम, गोल्फ, जेवणं, मला त्या जेवणांचा भयंकर कंटाळा यायचा. ऑर्डर ऑफ सेंट मायकेल नावाचा सन्मान देतात, पायलट लोकांना त्याचं फार अप्रूप, आणि बायकांसाठी किंवा नवऱ्यांसाठी अवर लेडी ऑफ लोरेटो म्हणून वेगळा आहे. हे सगळं ठीक. पण आम्हाला खरा उपयोग झाला तो नवरा आर्मी सोडताना. त्याच्याकडे हेलिकॉप्टरचे ढीगभर तास आणि विमानाचे जवळजवळ नाहीतच. मिलिटरी पायलटला एअरलाइनच्या लायसन्सला १५०० ऐवजी ७५० तास चालतात हे सगळे सांगतात, पण त्यात विमानावर कॅप्टन म्हणून केलेले तास वेगळे लागतात, हेलिकॉप्टरवरचे तिथे धरत नाहीत, हे आधी कुणी बोललंच नव्हतं. ते चॅप्टरमधल्या एका रिटायर्ड काकांनी कागदावर आकडे मांडून समजावलं, आणि कुठल्या एअरलाइन्स हेलिकॉप्टरवाल्यांना विमानाचे तास पुरे करून घ्यायला मदत करतात तेही. तुमच्या मुलाला ते दिवस यायला वेळ आहे म्हणा, विंग्ज म्हणजे पायलटचा बिल्ला मिळाल्यापासून १० वर्षं बांधील आहे तो, आता नियमच तसा आहे.

स्कॉलरशिप खरी आहे. त्यांचं वेगळं फाउंडेशन आहे, १९६३ पासून, मेंबरची मुलं, जोडीदार, भावंडं अर्ज करू शकतात. पण मेंबर होऊन किती दिवस झालेले लागतात, भावंडाचं लग्न झालेलं नसावं वगैरे अटी साइटवर नीट वाचा, धाकटीला अजून वेळ आहे.

बंडू_बिनपंखी

मी सैन्यात नाही, डिफेन्समधल्या एका सप्लायरकडे काम करतो त्यामुळे क्वाड-ए च्या वार्षिक समिटला स्टॉल लावायला दोनदा गेलोय. आत शिरलात की बोइंग, सिकोर्स्की, बेल, सगळे हेलिकॉप्टर बनवणारे आपापली खेळणी मांडून बसलेले. मग ही संस्था नक्की कुणासाठी असा प्रश्न मला पडला होता. पायलटच्या नावाने आणि कंपन्यांच्या पैशाने चालतं असं माझं मत, वाईट म्हणत नाही, पण आईने भाबडेपणाने बघू नये एवढंच.

आणि युनियन तर ती असूच शकत नाही. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने सैनिकांना युनियन करायला बंदी आहे, सैनिकाने सामील होणं पण गुन्हा. त्यामुळे पगार, ड्यूटीचे तास, वरच्याशी भांडण यात ही संस्था मुलाच्या बाजूने उभी राहील ही अपेक्षा ठेवू नका. बोर्डावर रिटायर्ड जनरल लोक असतात, ते कशाला भांडतील चालू जनरलशी.

चिनूकवाली

बंडूराव स्टॉलचं खरं आहे, पण त्याच हॉलमध्ये विशीतली पायलट पोरं जाऊन इंजिनियरला तोंडावर सांगतात की हा स्विच इथे का लावलाय, हातमोजा घालून दाबता येत नाही. माझ्या नवऱ्याने सांगितलंय. बदलला का ते नका विचारू.

निवृत्त_एअरओपी

मॅडम, मी आपल्याकडच्या आर्मी एव्हिएशनमधून निवृत्त झालो, नाशिकला बरीच वर्षं होतो. आधी तुमच्या नातेवाईकांचा प्रश्न घेतो कारण तो ऐकून मलाही राग येतो.

भारतीय हवाई दलात वॉरंट ऑफिसर हा शिपाई म्हणून भरती होऊन वर आलेला ज्येष्ठ माणूस, लष्करातल्या सुभेदाराच्या जवळपासचा, आणि पायलट सगळे कमिशन्ड ऑफिसर. त्यामुळे आपल्या लोकांच्या डोक्यात तेच चित्र असतं. अमेरिकन आर्मीत गणित वेगळं आहे. तिथे हेलिकॉप्टर उडवणाऱ्यांत बहुसंख्य वॉरंट ऑफिसरच. कमिशन्ड ऑफिसर काही वर्षं उडवतो आणि मग कंपनी, बटालियन, स्टाफ, फायली यात अडकतो. वॉरंट ऑफिसरने आयुष्यभर उडवावं आणि त्यातलाच उस्ताद व्हावं म्हणूनच ते पद आहे. तुमच्या मुलाला उडायचं असेल तर त्याने बरोबर दार ठोठावलंय. हे नातेवाईकांच्या ग्रुपवर जसंच्या तसं टाका, माझी परवानगी आहे.

आता संस्थेबद्दल थोडं. अमेरिकेतली आजची आर्मी एव्हिएशन सुरू झाली ६ जून १९४२ ला, तोफखान्यासाठी. छोट्या पायपर कब विमानातून वर जायचं आणि गोळा कुठे पडला ते खाली सांगायचं. आपल्याकडेही अगदी हेच, एअर ओपी म्हणजे तोफखान्याचा वरचा डोळा, देवळालीचं तोफखाना स्कूल आणि नाशिकचं आमचं गांधीनगरचं एअरफिल्ड हे शेजारी शेजारी आहे ते पटण्यासारखंच आहे. आपल्याकडे आर्मी एव्हिएशन कोर वेगळी झाली १ नोव्हेंबर १९८६ ला. त्यांच्याकडे वेगळी शाखा झाली १२ एप्रिल १९८३ ला. पण क्वाड-ए सुरू झाली १९५७ ला आणि त्यांचं मासिक तर १९५३ पासून. म्हणजे शाखा व्हायच्या २६ वर्षं आधी संघटना. तोवर हे वैमानिक कुणी तोफखान्याचा, कुणी पायदळाचा, कुणी ट्रान्सपोर्टचा, जिथे जातील तिथे पाहुणे, प्रमोशन देणारा वरचा माणूस स्वतः कधी कॉकपिटमध्ये बसलेला नाही. आम्ही ते भोगलंय. अशा लोकांना एकमेकांचा पत्ता माहीत असावा म्हणून असली संघटना निघते, मासिक, पुरस्कार हे नंतरचं. स्टॉलवाल्या साहेबांचं म्हणणं खोटं नाही पण अर्धंच आहे.

दोन_पिलांची_आई

काका तुमचं उत्तर ग्रुपवर टाकलं. मोठ्या नणंदेने अंगठा दाखवलाय म्हणजे विषय संपला 😀 सगळ्यांचे आभार. पण तो मुख्य प्रश्न राहिला, काही झालं तर. आणि अजून एक, तो मागच्या महिन्यात दोन आठवडे उडत नव्हता, डाऊन स्लिप मिळाली म्हणाला, विचारलं तर सर्दी म्हणाला. हे काही गंभीर असतं का? लपवतोय का काही?

चिनूकवाली

ताई डाऊन स्लिप म्हणजे फ्लाइट सर्जनने, म्हणजे वैमानिकांच्या डॉक्टरने, दिलेला कागद की सध्या उडू नकोस. सर्दीला खरंच देतात, कान आणि सायनस बंद असताना वर गेलं तर जीव जातो दुखून. बरं झालं की अप स्लिप. काळजी तेव्हा करा जेव्हा पोरगं डाऊन स्लिपच्या भीतीने डॉक्टरकडे जातच नाही, पाठ, झोप, मन सगळं दाबून ठेवतात उडणं बंद होईल म्हणून. तुमचा डॉक्टरकडे गेला आणि तुम्हाला सांगितलंही, चांगलंय की.

आता दुसरं. हे बोलायला नको वाटतं पण मी बोलते कारण मला कुणी बोललं नव्हतं. पैसा या संस्थेकडून येत नाही. तो सरकारकडून. सैनिकाचा विमा असतो, २०२३ पासून जास्तीत जास्त ५ लाख डॉलर, आणि शिवाय १ लाख डॉलर डेथ ग्रॅच्युइटी. अडीअडचणीला, म्हणजे गाडी बंद पडली, तातडीने घरी यायला तिकीट नाही, अशा वेळी आर्मी इमर्जन्सी रिलीफ आहे, १९४२ पासूनची, बिनव्याजी कर्ज देतात. आणि मागे राहिलेल्यांसाठी टॅप्स म्हणून संस्था आहे. ती १९९२ ला अलास्कात नॅशनल गार्डचं विमान पडून ८ जण गेले त्यातल्या एकाच्या बायकोने १९९४ ला काढली, आई-वडिलांसाठी पण त्यांचं काम आहे, फक्त बायकांसाठी नाही. क्वाड-ए चे लोक अशा वेळी घरी येतात, जेवण आणतात, नंतरची कित्येक वर्षं मुलांना विसरत नाहीत, हे मी आमच्या शेजारी बघितलंय. त्याची किंमत कशी करायची ते मला सांगता येत नाही. मेंबर व्हायचं तर यासाठी व्हावं असं माझं मत.

पण मेंबरशिपच्या आधी एक काम करा. त्याला विचारा की विम्याच्या फॉर्मवर कुणाचं नाव टाकलंस आणि डीडी ९३ मध्ये काय लिहिलंयस. दुसरा म्हणजे इमर्जन्सी डेटाचा फॉर्म, कुणाला कळवायचं आणि कुठे यायचं ते त्यावरून ठरतं. भरतीच्या वेळी घाईत भरतात आणि पुन्हा बघत नाहीत. आमच्या ओळखीत एकाच्या विम्यावर लग्न झाल्यावरसुद्धा जुन्या गर्लफ्रेंडचं नाव होतं.

बंडू_बिनपंखी

हे मात्र लाख बोललात.

दोन_पिलांची_आई

आत्ताच फोन झाला. विम्यावर माझं आणि ह्यांचं नाव आहे, निम्मं निम्मं. दुसऱ्या फॉर्मवर आमचा जुना पत्ता आहे. दोन वर्षं झाली घर बदलून. म्हणाला आई उद्या ऑफिसात जाऊन बदलतो, तू रडतेयस का. मी म्हटलं नाही, सर्दी झालीये.