एसी-कूलरच्या धंद्याला पांढऱ्या (खाजगी) पाटीची ईको? माझा विरोध आहे

मानेवाडेकर

मागं एका भावानं विचारलं होतं: एसी, कूलर, आरओचं काम आहे, सोबत दोन पोट्टे आहेत, फिरणं बेसा-मानेवाड्यापासून पार कामठीपर्यंत, बजेट सहा लाखांच्या आसपास, तर पहिली चारचाकी कोणती घेऊ? त्यावर इतवारीकरांनी निकाल देऊन टाकला: "डोळे मिटून मारुती ईको सीएनजी घ्या, मागच्या सीटा काढा, माल टाका. छोटा हाथी घेऊन गिऱ्हाइकाच्या दारात गेलात तर हमाल समजतील." खाली धडाधड अंगठे पडले. ते वाचून माझं डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहून राहिलो.

मे महिन्यात एका फेरीला गाडीत काय जाते ते आधी पाहा. दीड टनाचा आउटडोर, इनडोर, लोखंडी स्टँड, कॉपरची कॉइल, व्हॅक्यूम पंप, प्रेशर वॉशर, पाइप जोडायच्या ब्रेझिंगच्या टाक्या, एसीत भरायच्या गॅसचं सिलेंडर, बारा फुटी शिडी. आउटडोर आडवा टाकला तर कॉम्प्रेसरचं तेल पाइपात उतरते, म्हणून उभाच न्यावा लागते. आपला नागपुरी पत्र्याचा कूलर स्टँडसकट ईकोच्या मागच्या दारातून उभा घालून दाखवा. आणि शिडी? ईकोची एकूण लांबीच ३६७५ मिलिमीटर, बारा फूट म्हणजे ३६५८. म्हणजे शिडी जाणार टपावर, आणि प्रत्येक घरी दोरी सोडा-बांधा.

दुसरी गोष्ट कोणी बोललंच नाही, ती म्हणजे गॅस. आजकाल बहुतेक नव्या एसीत आर-३२ असते, आणि तो मंद का होईना, पेट घेणारा गॅस आहे. सिलेंडरवर लिहिलेलं असते की ५२ डिग्रीच्या वर तापू देऊ नका. बाहेर ४५ असताना काचा लावून उन्हात उभी केलेली गाडी आतून सहज साठीच्या वर जाते. त्याच बंद डब्यात ऑक्सिजन आणि एलपीजीच्या टाक्या, आणि समोर दोन पोट्टे बसलेले. मला हे मान्य नाही. उघडा डाला, म्हणजे मागचा माल ठेवायचा हौदा, वर ताडपत्रीची कमान, हवा खेळती. टाटाची एस (तोच छोटा हाथी) घ्या, मारुतीची सुपर कॅरी घ्या, महिंद्राची जीतो घ्या, पण डाला असलेली घ्या. एस प्रो तर २०२५ च्या जूनमध्ये ३.९९ लाखांपासून बाजारात आली. उरलेल्या पैशात चांगली हत्यारं येतात.

आणि हमाल समजले तर समजू द्या. ओझं उचलणाऱ्या माणसात काही कमी नसते.

इतवारीकर

माझं नाव घेतलंत म्हणून उत्तर देतो. तुम्ही मानेवाड्याच्या रुंद रस्त्यांवरून बोलताय. इतवारीत, महालात, गांधीबागेत या. दोन्ही बाजूला हातगाड्या, मध्ये ई-रिक्षा. तिथं बाहेर उघडणारं दार अर्धंसुद्धा उघडत नाही. ईकोचं दार सरकतं, माणूस आणि पेटी भिंतीला चिकटून उतरतात. हा फायदा तिथं काम केलेल्यालाच कळतो.

उघड्या डाल्याचं कौतुक करताना कॉपरचा भाव विसरलात का? तुम्ही तिसऱ्या मजल्यावर पाइपाचं तोंड फुलवत (फ्लेअरिंग करत) असता आणि खाली ताडपत्री उचलायला एक हात पुरतो. माझी अख्खी कॉइल धंतोलीत, एका दवाखान्यासमोरून, भरदिवसा गेली. तेव्हापासून कुलूप लागेल तीच गाडी.

सिलेंडरचं म्हणणं बरोबर आहे, पण त्याला उपाय आहे. लागेल तेवढंच छोटं सिलेंडर न्यायचं आणि पोचल्याबरोबर खाली उतरवून सावलीत ठेवायचं. आणि आउटडोर रोज कोण नेतो? दहातली आठ कामं जागेवर होतात: सर्व्हिसिंग, कपॅसिटर, गॅस चार्जिंग. नवा बसवायचा असेल त्या दिवशी ऑटोवाल्याला सांगायचं. रोज रिकामा डाला कशाला फिरवायचा?

बेसा रोड

इतवारीकर भाऊ, एकदम बरोबर. माझं प्लंबिंगचं काम आहे, पांढऱ्या पाटीची ईको आहे, मागच्या सीटा काढून फळी टाकली. इतकी वर्षं झाली, कोणी अडवलं नाही. डाल्याची गाडी घेतली की पाटी पिवळी, म्हणजे धंद्याची, मग पासिंगचे (आरटीओ तपासणीचे) चक्कर, एजंटचे पैसे. काहून घ्यावा तो ताप? आणि सोसायटीचा चौकीदार पिवळी पाटी पाहिली की गेटवरच थांबवते. "मालगाडी बाहेर लावा." मग कमोड डोक्यावर घेऊन बी-विंगपर्यंत चाला.

मानेवाडेकर

बेसा रोड भाऊ, अडवलं नाही म्हणजे चालते असं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम २ मध्ये मालवाहू गाडीची व्याख्या आहे: मालासाठी बनवलेली गाडी तर मालवाहू आहेच, पण तशी नसलेली गाडीही माल वाहताना मालवाहूच धरतात. सीटा काढणं हा वेगळा विषय. आरसीवर जितकी आसनं लिहिलीत त्यात परस्पर बदल करणं कलम ५२ मध्ये बसत नाही. आणि घरची विमा पॉलिसी काढून "वापराच्या मर्यादा" हा परिच्छेद वाचा. खाजगी कारच्या पॉलिसीत माल वाहतूक वगळलेली असते, सूट फक्त नमुन्यांना आणि वैयक्तिक सामानाला.

बेसा रोड

माझे पाने आणि पाइप वैयक्तिकच आहेत ना बे! मी काय ते विकून राहिलो? डॉक्टर स्वतःच्या कारमध्ये पेटी नेते, वकील फायली नेते, त्यांना पिवळी पाटी लावा ना आधी. गरीब मिस्त्री दिसला की सगळ्यांना कायदा आठवते.

शंकरनगर

मी सहसा लिहीत नाही, पण हा विषय माझ्या जिव्हारी लागलेला आहे.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये अंबाझरी तलाव ओसंडला ती रात्र इथल्या सगळ्यांना आठवत असेल. माझी गाडी घरासमोर उभी होती, पांढरी पाटी, बंद व्हॅन. सकाळी पाणी उतरलं तेव्हा डॅशबोर्डपर्यंत गाळ होता. मी चावीला हातही लावला नाही, कारण पाणी गेलेलं इंजिन सुरू केलं की दावा अडतो हे माहीत होतं. टोइंगवाला आणला, फोटो काढले, सगळं शिस्तीत केलं.

विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. पुढचं पाहिलं आणि मग म्हणाला, मागचं दार उघडा. आत दोन जुने कॉम्प्रेसर, पाइप, पट्ट्या मारलेले तीन नवे स्टॅबिलायझर. त्यानं प्रत्येक वस्तूचा वेगळा फोटो घेतला. स्टॅबिलायझरच्या खोक्यावरच्या किमतीचासुद्धा. नंतर पत्र आलं: "वाहनाचा वापर पॉलिसीच्या अटींबाहेर." गाडी उभी होती हो! पाण्यानं पाटीचा रंग विचारला नव्हता. कितीतरी महिने हेलपाटे घातले तेव्हा "नॉन-स्टँडर्ड" (अट मोडलेला, म्हणून कापून द्यायचा दावा) म्हणून ७५ टक्के मंजूर झाले. उरलेले पंचवीस टक्के आणि तो हंगाम, दोन्ही गेले.

बेसा रोड यांनी स्वतःच्या पान्यांचं सांगितलं ते मला पटतं. पान्यांवर बहुतेक कोणी बोलणार नाही. पण गिऱ्हाइकाला विकायचा एक नळ जरी खोक्यात असला तरी तुम्ही वाद घालण्याच्या स्थितीत राहत नाही.

बेसा रोड

तुमचं नुकसान झालं त्याचं वाईट वाटते, खरंच. पण राग विमा कंपनीवर काढा ना! तुमच्यावर अन्याय झाला म्हणून आम्ही सगळ्यांनी पिवळी पाटी लावायची? त्या पाटीमागे काय काय लागते ते तरी सांगा. परमिट, बॅज, दरवर्षी पासिंग. माझ्या पोट्ट्याकडं साधं कारचं लायसन्स आहे, तो कसा चालवील?

मानेवाडेकर

एकेक घ्या.

परमिट: एकूण वजन ३००० किलोपर्यंतच्या मालगाडीला कलम ६६ मधून सूट आहे. आपण बोलतोय त्या सगळ्या छोट्या गाड्या त्यातच येतात.

लायसन्स: सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्येच सांगितलं आणि ६ नोव्हेंबर २०२४ ला घटनापीठानं कायम केलं की हलक्या मोटार वाहनाच्या लायसन्सवर ७५०० किलोपर्यंतची वाहतुकीची गाडी चालवता येते. तुमचा पोट्टा उद्यापासून चालवू शकते.

पासिंग: नव्या गाडीला पहिली दोन वर्षं काही नाही. मग गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांतून एकदा, त्यानंतर दरवर्षी. त्यात दिवस जाते हे कबूल, आणि पावसाळ्यात ठेवलं तर आपला हंगामही बुडत नाही. फक्त सोसायटीच्या चौकीदारावर माझ्याकडं उत्तर नाही. तो त्रास मलाही होते.

बेसा रोड

लायसन्सचं माहीत नव्हतं. बाकी कागद तुमच्यापाशीच ठेवा.

खातेवही

हिशेबाची कामं करते, म्हणून एक मुद्दा. जीएसटीत नोंदणी असेल तर माणसं नेणाऱ्या गाडीवर, म्हणजे सीटवाल्या ईकोवर, भरलेल्या कराचं क्रेडिट तुमच्यासारख्या धंद्याला मिळत नाही. कलम १७(५) मध्ये ते अडवलेलं आहे. मालवाहू गाडीवर मिळतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून या गाड्यांवर २८ च्या जागी १८ टक्के आहेत, तरी पाच लाखांच्या मूळ किमतीवर ९० हजार होतात. ते तुमच्या पुढच्या करातून वळते होतात. फक्त तेवढ्या रकमेवर घसारा धरू नका. कंपोझिशनमध्ये (उलाढालीवर ठरावीक दरानं कर भरायच्या योजनेत) असाल किंवा सेवेची उलाढाल २० लाखांच्या आत असून नोंदणीच नसेल, तर हा फायदा नाही.

इतवारीकरांना विचारते: ईकोचं कार्गो मॉडेल मिळतं. बंद आहे, कुलूप लागतं, दार सरकतं आणि नोंदणी मालवाहू म्हणून होते. मग सीटा काढण्याचा सल्ला कशाला?

इतवारीकर

कार्गोला माझा कधीच विरोध नव्हता. पहिल्या उत्तरात 'ईको' म्हटलं त्यात तीही येते.

मानेवाडेकर

तुम्ही "सीटा काढा" असं लिहिलंय. कार्गोत काढायला मागं सीटाच नसतात.

इतवारीकर

शब्दात पकडायचं असेल तर पकडा. पाटी पिवळी हवी एवढं शंकरनगर यांचं वाचून मान्य करतो, तुमचं वाचून नाही. उघडा डाला अजूनही मान्य नाही.

सोलर ताई

पाटीवरून इतकं रणकंदन झालं की ज्यानं विचारलं तो पळून गेला असेल. कोणीही त्याला विचारलं नाही की भाऊ, सगळ्यात जड वस्तू कोणती नेतोस?

माझं सोलर पॅनल धुण्याचं काम आहे, मदतीला दोघी मुली. ५०० लिटरची टाकी भरली की पाणीच ५०० किलो, वर पंप आणि आम्ही. हे वजन बंद व्हॅनमध्ये सीटांच्या जागी ठेवून वर्धा रोडला ब्रेक मारून पाहा, पाणी मागून ढकलतं. मी डाल्याची इलेक्ट्रिक घेतली. टाकी चाकांच्या मधोमध, चारही कोपऱ्यांना पट्टे, आणि वळणावर हळू. रात्री घरी चार्ज होते. कागदावर कंपनी दीडशे किलोमीटर सांगते, त्यावर मी कधी विसंबत नाही. माझं काम रिंग रोडच्या आत संपतं म्हणून ती मला परवडली. बुटीबोरी, कळमेश्वर रोज असतं तर घेतली नसती.

चौकीदाराचं सांगते. मी सोसायटीच्या सचिवांकडून कामाच्या तारखेचं दोन ओळींचं पत्र आधीच मागवून घेते. गेटवर ते दाखवायचं, भांडायचं नाही.

कामठी लाइन

सीएनजी घ्या म्हणणाऱ्यांनो, २०२२ ला नागपुरात सीएनजी १२० रुपये किलोवर गेला होता ते विसरलात काय? तेव्हा देशात सगळ्यात महाग आपल्याकडं होता! मुंबई-पुण्याचे लोक मायलेजचे आकडे सांगतात आणि आपण त्यावर गाडी ठरवतो. शिवाय सीएनजीची टाकी मागं जागा खाते, वजन वाहण्याची क्षमताही कमी होते. सुपर कॅरीचंच पाहा, पेट्रोलला ७४० किलो आणि सीएनजीला ६२५. आधी आपल्या रस्त्यावर पंप कुठं आहे, तिथं रांग किती असते, ते सकाळी सातला जाऊन बघा. मी पेट्रोलच घेतली आणि शांत झोपतो.

शंकरनगर

सोलर ताईंचा प्रश्न बरोबर आहे. आता माझ्याकडे डाल्याची आहे, पण मागं पत्र्याची पेटी बनवून घेतली: दोन्ही बाजूंना जाळीची खिडकी, फाळक्याला कुलूप. सिलेंडरला वेगळा कप्पा, उभं बांधायला साखळी. शिडी केबिनच्या वरून पुढं येते, टोकाला लाल कापड बांधतो. इतवारीच्या गल्लीत मात्र जात नाही, तिथं दुचाकीवर पोट्टा पाठवतो.

प्रश्नवाला

पळालो नाही, सगळं वाचून राहिलो होतो. सोलर ताई, सगळ्यात जड म्हणजे दुकानात दुरुस्तीला आणायचा फ्रीज आणि उन्हाळ्यात कूलर. एसीचं काम बहुतेक जागेवरच होते. महालात कामं कमी आहेत, मनीषनगर-बेसाला जास्त. रविवारी शिडी आणि एक कूलर घेऊनच शोरूमला जातो, चढवून पाहतो. जाळीची पेटी बनवणारा शंकरनगर यांनी कळवावा. विम्याचं बोलताना पिवळी पाटी धरूनच बोलेन.

इतवारीकर

पेटीला जाळी लावताय तर बारीक लावा. हात जाईल एवढं भोक ठेवू नका.

बेसा रोड

माझं विम्याचं नूतनीकरण याच महिन्यात आहे. एजंटला फोन लावला, सांगितलं की गाडीत पाइप आणि विकायचे नळ असतात, चालते का? तो म्हणाला, बिनधास्त चालते, सगळेच नेतात. म्हटलं, हे मेलवर लिहून पाठव. तेव्हापासून फोन उचलत नाही. कोणाकडं असं लिहून आलं असेल तर इथं टाका.