'रिवॉर्डिंग'ला मराठीत काय म्हणाल?

संत्राबाग:
अडकलेय, मदत करा. इग्नूचं एमए मानसशास्त्र करतेय, दुसऱ्या वर्षाला समुपदेशन घेतलंय. इंटर्नशिप आमच्या वरुड तालुक्यातल्याच एका संस्थेत झाली. आता संस्थेच्या वार्षिक अंकाला दोन पानं हवीत: 'शिकतानाचे रिवॉर्डिंग अनुभव', तेही मराठीत. मी ठोकून दिलं, 'फलदायी अनुभव'. सासूबाईंनी वाचलं आन् म्हणाल्या, "बगिच्याचं लिवून रायली का? यंदा त संत्र्याचा अर्धा आंबिया बहार गयून खाली पडला!" तेव्हापासून तो शब्द बघवत नाही.

जुना मास्तर:
'सार्थकी लागलेले दिवस'. झालं काम.

अनुस्वार:
सर, 'सार्थक' हे विशेषण. 'जन्माचं सार्थक झालं' ही मुळात चूकच, नाम हवं तर 'सार्थक्य'. ताईंनी 'कृतार्थ करणारे अनुभव' लिहावं.

जुना मास्तर:
आमच्या आज्या जात्यावर बसून जन्माचं सार्थक करत गेल्या, त्यांना कोणी विशेषण-नाम विचारलं नाही. आणि कृतार्थ माणूस होतो तो शाल-श्रीफळ घेताना. शिकणाऱ्या पोरीनं 'कृतार्थ' लिहिलं तर लोक विचारतील, रिटायर झाली का?

तिफण:
कष्टाचं चीज झालं म्हणा ना सरळ. शेतकऱ्यालेही समजते.

अनुस्वार:
चीज फारसी. अर्थ नुसता 'वस्तू'.

तिफण:
मंग बक्षीस कुठलं हाय भाऊ? तेही तिकडूनच आलं. तुमचा 'सल्ला' अरबी. सगळं परत पाठवून द्यायचं का बैलगाडीत?

अनुस्वार:
सावरकरांनी 'महापौर' दिला तेव्हाही लोक हसलेच होते. आज कोण हसतं?

वर्ध्याकाठी:
भांडण चालू द्या, मी एक गंमत सांगते. पारितोषिक हा शब्द 'परितोष'वरून आला. परितोष म्हणजे समाधान. म्हणजे कप, सर्टिफिकेट हे नंतरचं, मुळात मन निवणं महत्त्वाचं. इंग्रजी शब्दात पगार आणि समाधान एकत्र नांदतात तसेच आपल्याकडेही नांदत होते, आपण फक्त कप घरी आणला. 'परितोष देणारे' कोणी बोलत नाही हे मान्य. संत्राबाग, अनुभव नेमका काय होता ते सांग बरं. शब्द त्यातच असेल.

संत्राबाग:
ओळख पटेल असं काही लिहीत नाही, आणि त्यांना विचारूनच लिहितेय. एक आजी. ओसरीवर सुपात तूर घेऊन बसल्या होत्या. माझ्या वहीत प्रश्नांची यादी तयार होती. पाऊण तास त्या बोलल्या, मी फार तर चार वेळा 'हं' म्हटलं असेल. बोलताना हात चालूच, खडे एकीकडे, तूर एकीकडे. मधेच हात थांबला, आणि जे इतके दिवस कोणाला सांगितलं नव्हतं ते तेव्हा बाहेर आलं. निघताना म्हणाल्या, "इतकं कोनी आयकलंच नाई व माय. मोकयं लागलं." पदरातून दोन संत्री काढून हातात ठेवली. घ्यावी की नाही? भेटवस्तूंबद्दल वर्गात इतकं ऐकवलेलं की घामच फुटला. एक घेतलं, एक त्यांनाच सोलून दिलं, आणि पुढच्या सुपरव्हिजनला, म्हणजे मार्गदर्शकांबरोबरच्या चर्चेत, त्या एका संत्र्यावर आमचा तासभर गेला. वहीतला एकही प्रश्न विचारला नव्हता, तरी रस्ताभर मला उडाल्यासारखं होत होतं. त्याला शब्द हवाय.

जुना मास्तर:
म्हणजे 'रिवॉर्ड' खरंच हातात पडला की!

अनुस्वार:
प्रसंग सुंदर. पण लेखात त्या आजींना काय म्हणणार? 'क्लायंट'?

तिफण:
आजी म्हणा.

अनुस्वार:
विषयाची शिस्त असते हो. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सनं 1942 च्या पुस्तकात 'पेशंट' टाळून 'क्लायंट' धरला, तो उगाच नाही. समोरचा आजारी नाही, हे त्यातून सांगायचं होतं.

तिफण:
मराठीत क्लायंट म्हणजे वकिलाचा अशील. आजीवर केस हाय का?

वर्ध्याकाठी:
सरकारी भाषेत 'लाभार्थी'. पण इथे लाभ संत्राबागला झालाय, लाभार्थी तीच.

जुना मास्तर:
माझी जुनी तक्रार वेगळीच. 'समुपदेशन' शब्दातच 'उपदेश' बसलाय. हिनं तर पाऊण तासात एक उपदेश केला नाही, म्हणून जमलं. नावच चुकलेलं आहे या धंद्याचं.

अनुस्वार:
सर, दिश् म्हणजे दाखवणं. उपदेश म्हणजे जवळ जाऊन दाखवणं. आपण त्याचं लेक्चर करून टाकलं, हा शब्दाचा दोष नाही.

जुना मास्तर:
गावात 'समुपदेशक येणार' म्हटलं की लोक दारू सोडण्याचं भाषण समजून मागच्या दारानं जातात. चाळीस वर्षं शाळेत काढली, पाहिलंय.

संत्राबाग:
खरंय. मला पहिल्या दिवशी विचारलं होतं, "बचत गटाच्या मॅडम का तुमी?"

तिफण:
ताई, आजीनं शब्द देऊनच ठेवला न. 'मोकयं लागलं'. शीर्षक तेच.

अनुस्वार:
'मोकळं वाटलं' लिहा. अंक छापील आहे.

तिफण:
काहून? आजीनं 'वाटलं' म्हटलंच नाही.

वर्ध्याकाठी:
पण मोकळं आजींना वाटलं, रिवॉर्डिंग हिला वाटलं. दोन वेगळ्या गोष्टी.

जुना मास्तर:
वेगळ्या कशा? एकाच ओसरीवरच्या.

अनुस्वार:
'ळ'चा 'य' वऱ्हाडात होतो ना?

तिफण:
डोये, शाया, जवय. आमच्याकडे अस्संच. पण मास्तर, तुमच्या वर्गात 'शाया' म्हटलं की छडी बसे, आठवते का?

जुना मास्तर:
आठवतं. मी घरी जाऊन आईशी तसंच बोलायचो.

संत्राबाग:
उद्या मजकूर द्यायचाय हो!

तिफण:
अन् 'केळी'ले तुमच्याकडे काय म्हणत? माह्या मामाकडे...