इंजिनवर पुढे चालताना शाफ्ट-सीलमधून पाणी, शिडांवर मात्र कोरडं: सील बदलू का?

वाऱ्यावर:
दहा मीटरची फायबरची शिडाची बोट, आत छोटं डिझेल इंजिन, शाफ्ट, म्हणजे इंजिनपासून पाण्यातल्या पंख्यापर्यंत (प्रोपेलर) जाणारा दांडा, २५ मिमी स्टेनलेसचा. सील दोरीचं नाही, कार्बनचं आहे. म्हणजे स्टर्न ट्यूबवर (शाफ्ट बोटीबाहेर जातो ती नळी) रबरी बेलोज (दाबली जाणारी घडीदार नळी), बेलोजच्या तोंडाशी कार्बनची चकती, आणि तिला टेकून शाफ्टबरोबर फिरणारी स्टीलची चकती. ही स्टीलची चकती ग्रब स्क्रूंनी (बिनडोक्याचे छोटे स्क्रू) शाफ्टवर धरलेली आहे.

धक्क्याला उभी असताना एक थेंब येत नाही. शिडांवर दिवसभर गेलो, गिअर न्यूट्रलला होता, पंखा पाण्याच्या ओढीने फिरत होता, तरी बिल्ज (बोटीचा तळ, जिथे पाणी साचतं) कोरडं. पण इंजिनवर तासभर चाललो की बिल्जचा पंप आपोआप सुरू होतो. पाणी चाखून पाहिलं, खारट आहे, त्यामुळे गोड्या पाण्याची टाकी आणि इंजिनचं कूलंट दोन्ही बाद. सीलच्या दोन्ही बाजूंना इंजिनखोलीच्या भिंतीवर मिठाची पांढरी रेघ उमटली आहे. इंजिनच्या फेऱ्या वाढवल्या की पाणीही वाढतं.

नवीन सील बसवायचं तर बोट पाण्याबाहेर काढा, कपलिंग (शाफ्ट आणि गिअरबॉक्स यांचा जोड) सोडवा, शाफ्ट मागे सरकवा, एवढं सगळं आलं. ते करायची तयारी आहे, पण सील बदलूनही गळती तशीच राहिली तर काय, ही भीती आहे. माझी मुलगी आता रात्रीची पाळी एकटी सांभाळते. तिच्या पाळीत पंप सुरू झाला तर तो कशामुळे, हे तिला ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं.

ग्लँडदोरी:
माझं मत स्पष्ट आहे: बदलायचंच असेल तर साधं ग्लँड आणि दोरी बसवा, म्हणजे शाफ्टभोवती दोरीची कडी आणि नट आवळून ती दाबणारं ग्लँड. शाफ्ट फिरताना अधूनमधून थेंब पडला पाहिजे, थांबल्यावर जवळजवळ बंद. इंजिन बंद करून ग्लँडला हात लावायचा. कोमट लागलं तर ठीक, चटका बसला तर नट जास्त आवळला गेलाय. दोरीच्या प्रत्येक कड्याचा जोड तिरका कापायचा आणि जोड एकाखाली एक येऊ द्यायचे नाहीत. दोरी झिजली तर आधी थेंब वाढतात, वेळेवर सूचना मिळते. मिनिटाला दहा थेंब म्हणजे दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास, पंपाला ते काहीच नाही. कार्बनच्या सीलमध्ये बेलोज फाटला तर असा अवधी मिळत नाही.

यंत्रघर:
दोरीबद्दल वर लिहिलंय ते बरोबर आहे, पण इथे आधी दुखणं ओळखू या. वाऱ्यावर, तुमच्या वर्णनातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे शिडांवर शाफ्ट फिरूनही सील कोरडं राहतं. ती गोष्ट धरूनच पुढे जायचं.

तरी एक शंका आधी मिटवा. फक्त इंजिन चालू असताना येणारं खारं पाणी इंजिन थंड करणाऱ्या समुद्राच्या पाण्याच्या पंपातून किंवा एक्झॉस्टच्या एल्बोतूनही (वाकड्या जोडनळीतूनही) येऊ शकतं. पंपाच्या अंगाला खाली एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की तिथून पाणी ठिबकतं, पंप चालतो तेवढा वेळ. म्हणून बिल्ज पुसून खडखडीत कोरडं करा आणि इंजिन न्यूट्रलमध्ये चालवा, फेऱ्या चढवूनही बघा. शाफ्ट स्थिर असताना पाणी आलं तर सीलला हात लावू नका, पंप आणि एक्झॉस्ट बघा. नाही आलं तर पुढची पायरी.

बोट पुढे-मागे भक्कम दोरांनी धक्क्याला बांधा. सीलच्या खाली आणि बाजूंना पांढरा कागद चिकटवा, फिरत्या भागापासून लांब. मोबाइल टेपने पक्का करा, उजेड द्या, व्हिडिओ सुरू करा आणि तुम्ही बाहेर या. फिरत्या शाफ्टजवळ हात, बाही, चिंधी काहीही नेऊ नका. मग गिअर पुढे टाकून हळूहळू फेऱ्या वाढवा. नंतर न्यूट्रल करून थांबा आणि तेच मागच्या गिअरमध्ये करा.

कागद काय सांगतो ते असं. दोन चकत्या जिथे भेटतात त्या रेषेत पाण्याचा पट्टा उमटला तर पाणी चकत्यांच्या मधून निसटतंय. स्टीलच्या चकतीच्या इंजिनकडच्या बाजूने शाफ्टवरून ओघळ आला तर तिच्या आतल्या ओ-रिंग (रबरी कडी) गेल्या. बेलोजच्या खाली किंवा क्लिपजवळ ओलं असेल तर रबर चिरलंय किंवा क्लिप सैल आहे, पण ही गळती सहसा बोट उभी असतानाही दिसते, म्हणून तुमच्या बाबतीत मला ती वाटत नाही. भिंतीवरची मिठाची रेघ चकत्यांकडेच बोट दाखवते.

आता तुमच्या पहिल्या निरीक्षणाकडे. पुढच्या गिअरमध्ये पंखा शाफ्टला इंजिनकडे रेटतो, आणि बोट पुढे जाते ती हाच रेटा इंजिनच्या माउंटिंगमधून (इंजिन ज्यांवर बसतं ते रबरी पाय) तिच्यापर्यंत पोचतो म्हणून. माउंटिंगचं रबर मऊ पडलं असेल तर आख्खं इंजिन पुढे सरकतं. शाफ्ट त्याच्याबरोबर, आणि शाफ्टवर धरलेली स्टीलची चकतीही. कार्बनची चकती मागे बेलोजवर आहे. बेलोज दाबलेल्या स्प्रिंगसारखा थोडा उलगडून तिचा पाठलाग करतो, पण त्याचा दाब मुळातच कमी उरला असेल तर चकत्यांमध्ये फट पडते. फेऱ्या वाढल्या की रेटा वाढतो आणि फटही. मागच्या गिअरमध्ये उलट घडतं, चकत्या आणखी घट्ट टेकतात. शिडांवर पाणी पंख्याला मागे ओढतं, तेव्हाही तेच. तुमचं पाणी फक्त पुढे जाताना येत असेल तर कार्बन खराब असण्यापेक्षा दाब कमी असणं किंवा इंजिन सरकणं याची शक्यता मला जास्त वाटते.

दोन्ही वेगळे ओळखता येतात. इंजिन बंद असताना स्टीलच्या चकतीच्या पुढे, अगदी तिला लागून, शाफ्टवर पक्क्या शाईने रेघ मारा. कपलिंगच्या शेजारी बोटीच्या अंगाला मोजपट्टी चिकटवा, मोबाइलच्या चौकटीत येईल अशी. चाचणीनंतर चकतीने रेघ झाकली तर ग्रब स्क्रू सैल आहेत आणि चकती शाफ्टवर सरकतेय. रेघ जागेवर, पण पट्टीवर कपलिंग काही मिलिमीटर पुढे जाताना दिसलं, तर माउंटिंग बघा.

मुलीसाठी: पंप सुरू झाला तर आधी गिअर न्यूट्रल, मग बॅटरी घेऊन सील बघायचं. न्यूट्रलमध्ये पाणी थांबलं तर शिडांवर निर्धास्त जाता येतं. धार चालूच राहिली तर इंजिन बंद करायचं आणि तुम्हाला उठवायचं. शाफ्ट फिरत असेल तर तो आधी थांबवायचा. चकती सरकलेली दिसली तर ती हाताने मागे कार्बनवर दाबून धरता येते, त्याने धार अडते. ग्रब स्क्रू आवळायची अॅलन की (षटकोनी किल्ली) सीलशेजारीच दोरीने बांधून ठेवा.

वाऱ्यावर:
दोन्ही चाचण्या केल्या. न्यूट्रलमध्ये कागद कोरडे. मागच्या गिअरमध्येही कोरडे. पुढे टाकल्यावर आधी काही नाही, फेऱ्या चढल्या तसा चकत्यांच्या रेषेत तुषारांचा पट्टा. शाईची रेघ जशीच्या तशी, पण व्हिडिओत कपलिंग पुढे सरकताना स्वच्छ दिसतं, आणि सरळ नाही, थोडं वाकडं होत. मग टॉर्च घेऊन माउंटिंग बघितली. डावीकडच्या मागच्या माउंटिंगचं रबर फुगून चिकट झालंय. त्याच्या बरोबर वर डिझेलचा फिल्टर आहे आणि त्याच्या तळाचा स्क्रू पाझरतोय. बाकीची तीन बोटाने दाबली तर टणक लागतात.

आता विचारायचंय ते असं: एकच माउंटिंग बदलू की चारही? आणि सीलला हात लावावा लागेल का?

यंत्रघर:
चारही बदला. नवं रबर आणि जुनं, बसलेलं रबर यांची उंची सारखी राहत नाही. आणि फिल्टरचा स्क्रू आधी, नाहीतर नवं रबरही डिझेल पिईल.

माउंटिंग बदलली की इंजिनची उंची बदलते, म्हणून अलाइनमेंट (इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आणणं) पुन्हा करावीच लागेल. ती बोट पाण्यात असताना, डोलकाठीच्या तारा नेहमीइतक्या ताणलेल्या असताना करा. जमिनीवर ठेवलेल्या बोटीचा आकार थोडा वेगळा असतो. कपलिंगच्या दोन तोंडांमध्ये चारही बाजूंना फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. १०० मिमी व्यासाच्या कपलिंगला सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान फटीतला फरक ०.१ मिमीच्या आत आणायचा.

सीलचा दाब त्यानंतर बसवा, अलाइनमेंटच्या आधी नाही. तुमच्या सीलच्या पुस्तिकेत शाफ्टच्या मापाप्रमाणे बेलोज किती दाबायचा ते दिलेलं असतं, तेवढाच दाबा. चकती सैल केली की पाणी आत येईल, तेव्हा पंप तयार ठेवा आणि एक माणूस सोबत घ्या. ग्रब स्क्रू नवे घ्या, कारण जुन्यांचं टोक शाफ्टमध्ये रुतून बोथट झालेलं असतं. एकेका भोकात दोन असतील तर दुसरा पहिल्याला कुलूप लावण्यासाठी असतो, तो विसरू नका. बेलोजला बारीक चिरा दिसल्या किंवा तो पुस्तिकेत दिलेल्या मुदतीपेक्षा जुना असेल, तरच तो पुढच्या वेळी बोट वर काढल्यावर बदला.

ग्लँडदोरी:
बोट वर येईल तेव्हा पंखा हाताने वर-खाली हलवून बघा. मागच्या रबरी बेअरिंगमध्ये हलतेपणा जाणवला तर तेही त्याच वेळी बदला. शाफ्ट थरथरत असेल तर माझी दोरी काय आणि तुमचा कार्बन काय, दोन्ही टिकत नाहीत. आणि स्टीलच्या चकतीच्या पुढे, तिला लागून, दोन अर्ध्या तुकड्यांची स्टेनलेसची कॉलर आवळा. ती कपलिंग न सोडवता बसते, आणि ग्रब स्क्रू सैल झाले तरी चकतीला पुढे सरकायला जागा देत नाही.