मदत हवी आहे: ३० वर्षांपुढची प्रवासी संख्या काढायची कशी?

नमस्कार मंडळी. वाढत्या महानगर प्रदेशाच्या सार्वजनिक वाहतूक आराखड्यावर प्रकल्प करतोय आणि एका जागी पार अडकलोय.

नेहमीचं चार टप्प्यांचं मॉडेल वापरलंय: लोकांच्या फेऱ्या किती, कुठून कुठे, कशाने आणि कोणत्या मार्गाने. अडचण अशी की यात भविष्यातली वस्ती आधीच ठरवून द्यावी लागते. पण रेल्वे किंवा बसमार्ग टाकला की वस्तीच तिकडे सरकते! कोपनहेगनने १९४७ च्या ‘फिंगर प्लॅन’मध्ये रेल्वेमार्गांच्या कडेनेच शहर वाढवायचं ठरवलं. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराने १९७४ पासून बससाठी राखीव मार्गिका केल्या आणि उंच इमारतींना त्याच पट्ट्यांत परवानगी दिली. म्हणजे तिथे अंदाज बांधला नाही, वाढ कुठे व्हावी तेच ठरवलं.

मग मी जमीनवापर आणि वाहतूक यांचं एकत्रित मॉडेल करू, की वाढीची तीन-चार वेगवेगळी चित्रं धरून प्रत्येकात टिकणारे मार्ग निवडू? पहिल्याला लागणारी माहिती गोळा करता करता वर्ष जाईल, म्हणून मन दुसऱ्याकडे झुकतंय (आळसही असेल थोडा). आज प्रवासी नसलेल्या मार्गाची जागा आत्ताच राखून ठेवण्याचं समर्थन आकड्यांत कसं मांडायचं? कुणी केलं असेल तर कृपया सांगा.